दुसऱ्या डावाची तालीम : ‘प्ले इट अगेन, सॅम’ची डीव्हीडी

घटस्फोटानंतर पुन्हा कोणाला तरी भेटायला निघालेला माणूस आपल्या कथा-चित्रपटांत बहुधा दयेचा, नाहीतर टिंगलीचा विषय होतो. १९७२ सालचा ‘प्ले इट अगेन, सॅम’ हा अमेरिकन चित्रपट या माणसाच्या फजितीवर पोटभर हसवतो आणि तरीही त्याची किंमत कमी होऊ देत नाही. मी त्याची डीव्हीडी घरपोच मागवली, इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या घरी दोन महिन्यांत तीनदा पाहिली, आणि चाळिशी ओलांडल्यावर दुसरा डाव मांडावा की नाही या विचारात असलेल्या माझ्यासारख्या वाचकांसाठी तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

वूडी ॲलनने हे आधी नाटक म्हणून लिहिले. १९६९ मध्ये ते ब्रॉडवेवर आले. त्या नाटकातील वूडी ॲलन, डायान कीटन, टोनी रॉबर्ट्स आणि जेरी लेसी हे चौघेही चित्रपटात त्याच भूमिकांत आहेत. पटकथा ॲलनचीच असली तरी दिग्दर्शन हर्बर्ट रॉस यांचे आहे, आणि मला ते चित्रपटाच्या भल्याचे वाटते, कारण नाटकाची बंदिस्त चौकट न मोडता रॉस ही गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांच्या रस्त्यांवर मोकळी सोडतात.

चित्रपट सुरू होतो तो दुसऱ्याच चित्रपटाच्या शेवटाने. अंधाऱ्या चित्रपटगृहात ‘कॅसाब्लांका’चे (१९४२) विमानतळावरचे दृश्य चालू आहे, त्याचा नायक हम्फ्रे बोगार्ट नायिका इन्ग्रिड बर्गमनला तिच्या नवऱ्याबरोबर विमानात बसवून देतो आहे, आणि प्रेक्षकांत बसलेला ॲलन फेलिक्स तोंड उघडे ठेवून ते पाहतो आहे. हा चित्रपटांवर लिहून पोट भरणारा माणूस, भूमिका अर्थातच वूडी ॲलनची; पुढे नुसते ‘ॲलन’ म्हटले की हे पात्र समजावे. त्याची बायको नॅन्सी त्याला नुकतीच सोडून गेली आहे. माझा वकील तुझ्या वकिलाला फोन करील, असे ती निघताना सांगते. आपल्याला वकील नाही, त्याने आपल्या डॉक्टरला फोन करावा, असे तो उत्तर देतो. त्या एका उत्तरात या माणसाची सगळी प्रकृती कळते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नॅन्सीला कोर्टात कोणाचा दोष सिद्ध करावा लागल्याचे चित्रपटात कोठेच येत नाही, कारण कॅलिफोर्नियात दोष न दाखवता घटस्फोट देणारा कायदा १९७० पासून लागू झाला होता. आपल्या हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीने घटस्फोटाचे कलम आले ते १९७६ मध्ये, म्हणजे हा चित्रपट झळकल्यानंतर चार वर्षांनी. कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर तारखांची वाट पाहत मी जी वर्षे काढली, ती आठवताना हा फरक मला कोरडा वाटत नाही. नॅन्सी ज्या सहजतेने दार ओढून निघून जाते, त्या सहजतेचा मला पहिल्या वेळी राग आला आणि तिसऱ्या वेळी हेवा वाटला.

ॲलनचा मित्र डिक आणि त्याची बायको लिंडा त्याच्यासाठी ओळखी काढू लागतात. ही स्थळे दाखवण्याचीच तऱ्हा आहे, फक्त पत्रिका नाही. या भेटींच्या वेळी ॲलनला एक सल्लागार दिसतो, जो इतर कोणालाही दिसत नाही: पावसाळी कोट आणि हॅट घातलेला, ओठांच्या कोपऱ्यातून बोलणारा बोगार्ट. जेरी लेसीने ही भूमिका इतक्या संयमाने केली आहे की ती नक्कल आहे हे काही मिनिटांनी विसरायला होते. हा बोगार्ट सांगतो की थोबाडीत मारलेली किंवा पिस्तुलाची गोळी न कळणारी बाई आपण पाहिलेली नाही. चित्रपटाला हा सल्ला हास्यास्पद वाटतो, आणि तसा तो वाटतो हे पहिल्याच भेटीत स्पष्ट होते.

ती पहिली भेट हा या चित्रपटाचा मला सर्वांत आवडलेला भाग आहे. शॅरन नावाची मुलगी घरी यायची आहे. ॲलन पावडर उडवतो, अत्तराची बाटली जवळजवळ संपवतो. धावण्याच्या शर्यतीचे एक पदक तो तिला सहज दिसेल असे ठेवतो, आणि ते पदक त्याने जिंकलेले नसून विकत आणलेले आहे. रेकॉर्डप्लेअरवर ऑस्कर पीटरसनचे जॅझ लावायचे आणि बार्टोकच्या पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रेकॉर्डचे वेष्टन मात्र नजरेस पडेल असे बाहेर ठेवायचे, इथपर्यंत विचार होतो. मग शॅरन येते, तो बेफिकीर दिसायला जातो, आणि हातातल्या वेष्टनातून रेकॉर्ड निसटून खोलीभर उडते. वूडी ॲलनचे अंगविक्षेप मला इतरत्र नेहमीच आवडतात असे नाही, परंतु येथे प्रत्येक हालचालीमागे भीती आहे. आपल्याला एकदा नाकारले गेले आहे आणि समोरच्या माणसाला ते आपल्या अंगावर लिहिलेले दिसेल, ही ती भीती.

दोन वर्षांपूर्वी, आत्याने सुचवलेल्या एका गृहस्थांना भेटायला मी छप्पन दुकान या आमच्या खाऊगल्लीच्या बाजूला गेले होते. निघताना पर्समध्ये कवितांचे एक पुस्तक असे ठेवले होते की रुमाल काढताना त्याचे मुखपृष्ठ बाहेर यावे. आत्याने बजावले होते, “कोर्टाचं काही बोलू नकोस, पहिल्या भेटीत तर नाहीच.” मी बोलले नाही. तेही बोलले नाहीत. तासभर आम्ही हवामान, पोहे आणि भावंडांच्या नोकऱ्या यांवर बोललो आणि दोघेही घरी गेलो. ते पदक पडद्यावर दिसले तेव्हा मला ते पुस्तक आठवले. आपल्या भाषेत दुसरेपणाच्या पुरुषासाठी ‘बिजवर’ हा सरळ शब्द आहे. स्त्रीसाठी तितका सरळ आणि मानाचा शब्द मला सापडत नाही. मग ती पुस्तकाचे मुखपृष्ठ पुढे करते.

शॅरननंतरच्या भेटी चित्रपट भरभर उरकतो. कलासंग्रहालयातला प्रसंग तेवढा तोडीचा आहे: एका चित्रासमोर उभी असलेली मुलगी अस्तित्वाच्या निरर्थकतेविषयी बोलत राहते, ॲलन तिला शनिवारी मोकळी आहेस का असे विचारतो, ती म्हणते की शनिवारी आत्महत्या करणार आहे, आणि तो शुक्रवारचे विचारतो. बाकीचे प्रसंग लांबट आणि एकसुरी वाटले.

डिकची एक सवय मात्र आजही ताजी आहे. कोठेही पोहोचला की तो आधी कार्यालयाला फोन करून आपण कोणत्या क्रमांकावर आहोत, आणि तेथून कोणत्या क्रमांकावर असू, हे सांगत बसतो. मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीचा हा विनोद. मी हा चित्रपट दुसऱ्यांदा वहिनीबरोबर पाहिला, तेव्हा ती हसली आणि मग म्हणाली, “ताई, ह्याला मी ओळखते. जेवताना रोज माझ्यासमोर बसतो.” शेजारच्या खोलीत दादा फोनवर बोलत होता.

लिंडाची व्यक्तिरेखा त्या वाक्याइतकीच खरी आहे. डायान कीटनने तिला सोशिक बायको केलेले नाही. ती घाबरट आहे, गोळ्या घेते, स्वतःवर शंका घेते, आणि ॲलनसमोर हे सगळे मोकळेपणाने बोलते. तिच्यासमोर त्याला पदक लागत नाही. वाढदिवसाला तो तिला प्लास्टिकचा एक स्कंक देतो, तो घाणेरड्या वासासाठी प्रसिद्ध असलेला अमेरिकेतला प्राणी, आणि तिला मनापासून आवडलेली तीच भेट ठरते. इतर स्त्रियांसमोर धडपडणारा हाच माणूस स्वयंपाकघरात लिंडाशी बोलताना चटपटीत, प्रेमळ आणि देखणासुद्धा दिसतो. तो तिच्या प्रेमात पडला आहे हे त्याला कळण्याआधी वहिनीला कळले होते.

पुढे काय होते ते ज्यांना आधी कळायला नको असेल त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद वगळावा. डिक कामासाठी बाहेरगावी गेलेला असताना ॲलन आणि लिंडा एकत्र येतात, आणि मग ‘कॅसाब्लांका’सारखाच विमानतळ, तसेच धुके, तोच निरोप. ज्या संवादावर त्याने आयुष्यभर जीव टाकला तो संवाद ॲलन लिंडासमोर म्हणतो, आणि ही वाक्ये म्हणण्याची आपण आयुष्यभर वाट पाहत होतो असे कबूलही करतो. लिंडाने डिककडे परत जायचे स्वतःच ठरवलेले असते, त्यामुळे त्यागाचे श्रेय त्याच्याकडे पूर्णपणे जात नाही, आणि हे मला फार योग्य वाटते. तरीही एक मोठी गोष्ट येथे घडते. चित्रपटाच्या आरंभी ज्याला सोडून दिले गेले, तो शेवटी स्वतः समजून-उमजून एक हात सोडतो. निरोप देण्याची ताकद आपल्यातही आहे, हे त्याला त्या धुक्यात कळते. मग बोगार्ट सांगतो की तुला आता माझी गरज उरलेली नाही, आणि ॲलन एकटाच चालू लागतो.

जुन्या हॉलिवूडची घटस्फोटावरची विनोदी चित्रे पाहिली तर या शेवटाचे वेगळेपण जास्त जाणवते. १९३७ च्या ‘द ऑफुल ट्रुथ’मध्ये कॅरी ग्रँट आणि आयरीन डन यांचे जोडपे घटस्फोट मागते आणि अखेर एकमेकांकडेच परतते, १९४० च्या ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’त कॅथरीन हेपबर्नची नायिका दुसऱ्या लग्नाच्या मांडवात पहिल्याच नवऱ्याशी पुन्हा लग्न करते. १९३४ पासून कडकपणे लागू झालेल्या निर्मितीसंहितेला, म्हणजे पडद्यावर काय दाखवावे याच्या हॉलिवूडच्या नियमावलीला, विवाहसंस्थेचे पावित्र्य राखायचे होते, आणि घटस्फोटितांसाठी सुखान्त म्हणजे मूळ जोडीदार, हे त्या काळी ठरूनच गेले होते. ते चित्रपट मला फार आवडतात. पण ज्याच्या आयुष्यात परतीची वाट खरोखर बंद झाली आहे, त्याला ते काही देत नाहीत. येथे नॅन्सी परत येत नाही, दुसरी कोणी मिळत नाही, आणि तरीही चित्रपट आनंदात संपतो.

दोष आहेत. बलात्काराविषयी हलकेपणाने केलेले संवाद आज ऐकवत नाहीत; त्या ठिकाणी वहिनीने रिमोट उचलला आणि मी तिला थांबवले नाही. ॲलनला मूल नाही, आई नाही, शेजारीपाजारी नाहीत, आणि पैशाची चिंताही कोठे दिसत नाही. घटस्फोटानंतर आपल्याकडे जो प्रश्न आधी विचारला जातो तो मुलांचा, आणि त्याच्या उत्तरावरच बहुतेक भेटी ठरतात किंवा मोडतात. या बाबतीत हा चित्रपट पाहणाऱ्याला काहीही मदत करत नाही.

डीव्हीडीविषयी थोडे. चित्र स्वच्छ आहे; रात्रीच्या प्रसंगांत काळोख गढूळ होत नाही. आवाज मात्र बारीक असल्याने टीव्हीचा आवाज नेहमीपेक्षा वर न्यावा लागतो, आणि ॲलनचे भराभर बोलणे इंग्रजी सरावाचे असूनही पहिल्यांदा निसटते. माझ्या प्रतीत इंग्रजी उपशीर्षके आहेत, हिंदी किंवा मराठी नाहीत. लांबी सुमारे ८५ मिनिटे, म्हणजे जेवण आटोपून बसले तर झोपेचे खोबरे होत नाही.

‘कॅसाब्लांका’ आधी पाहून घ्यावा, निदान त्याची शेवटची दहा मिनिटे तरी, म्हणजे विमानतळाचे दृश्य नीट उमगते. चित्रपटाचे नाव असलेले वाक्य त्यात शोधू नये; नेमके त्या शब्दांत ते तेथे कोणीच म्हणत नाही. डिस्क सध्या वहिनीकडे आहे. आत्याने ती मागितली आहे, आणि पुढच्या रविवारी आम्ही तिघी मिळून बघणार आहोत. कोर्टाबद्दल आता बोललं तर चालतं का, हे मी तिला चित्रपट संपल्यावर विचारणार आहे.