सोसायटीचं सायकल स्टँड: खाचांचं घ्यावं की उलट्या यू-चं?

आमच्या सोसायटीत नवं सायकल स्टँड बसवायचंय आणि समितीपुढे दोन कोटेशनं आली आहेत. एक खाचांचं: जमिनीलगत दांड्यांची रांग, पुढचं चाक खाचेत घालायचं. दुसरं उलट्या यू आकाराच्या पाइपांचं, ज्याला इंग्लंडमध्ये शेफील्ड स्टँड म्हणतात. पहिलं स्वस्त, म्हणून बहुतेकांचा कल तिकडे. माझं मत दुसऱ्याला आहे.

जुनं स्टँड खाचांचंच होतं. माझ्या मुलीनं केबल लॉक पुढच्या चाकातून आणि दांडीतून ओवून नीट लावलं होतं. सकाळी खाली गेलो तर चाक जागेवर, कुलूप जागेवर, चावी तिच्या दप्तरात आणि सायकल गायब. चाक क्विक रिलीजचं होतं. खटका उघडला, दोन फेरे सैल केले की ते सुटतं, पाना लागत नाही. कुलपाला कुणी हातही लावला नव्हता.

खाचांच्या स्टँडचं खरं दुखणं हेच. दांड्या बुटक्या असतात, त्यामुळे कुलूप चाकापर्यंत पोचतं, फ्रेमपर्यंत नाही. वर सायकलचा सगळा तोल एका चाकावर. शेजारच्या स्कूटरचा धक्का लागला की रिमला आउट येतो, म्हणजे ती वाकडी होते, डिस्क ब्रेक असेल तर चकती वाकते.

यू-स्टँडला सायकल आडवी टेकते, दोन्ही बाजूंनी एकेक. फ्रेम आणि मागचं चाक एकत्र पाइपला बांधता येतं.

“पण खाचांत जास्त सायकली मावतात,” असं मीटिंगमध्ये सांगितलं गेलं. टेप घेऊन मोजलं. खाचा फूटभर अंतरावर आहेत, आणि गिअरच्या सायकलचं हँडल सव्वादोन फुटांच्या आसपास. म्हणजे एकाआड एक खाच रिकामीच राहते, दर सायकलमागे दोन फूट जातात. यू-स्टँड मीटरभर अंतरानं लावले तर सायकलमागे अर्धा मीटर, पावणेदोन फुटांच्याही आत.

भिंतीवरचे हूक जागा वाचवतात, पण साधी स्टीलची सायकल पंधरा-अठरा किलोंची. ती आजोबांनी किंवा पाचवीतल्या पोरानं कशी उचलायची? दुमजली रॅक नेदरलँड्समध्ये उट्रेख्त स्टेशनच्या 12,500 सायकलींच्या पार्किंगमध्ये आहेत, पण तिथे देखरेखीला माणसं असतात.

यू-स्टँड घेतलं तर फॅब्रिकेटरला तीन गोष्टी बजावून सांगा. पाइप दोन इंचांपेक्षा जाड नको, नाहीतर यू-लॉक, म्हणजे यू आकाराच्या जाड सळीचं कुलूप, बसत नाही. पाय काँक्रीटमध्ये फूटभर गाडायचे. गाडण्याऐवजी पायाखाली बोल्टनं बसवायची बेसप्लेटच लावायची असेल तर बोल्ट आवळल्यावर नट वेल्ड करायचे, कारण साधा नट पान्यानं उघडतो. आणि लहान मुलांच्या सायकलींसाठी मध्ये एक आडवी पट्टी. जागा मात्र वॉचमनच्या केबिनसमोरची हवी, बेसमेंटचा अंधारा कोपरा नको.

कुलपाचंही तसंच. मागच्या चाकाचं अंगचं कुलूप दुकानापुढे दोन मिनिटांसाठी ठीक, रात्रभर नाही. सायकल उचलून टेम्पोत टाकता येते. बारीक केबल कटरनं क्षणात तुटते. यू-लॉक महाग आणि जड, तरी रोजच्यासाठी मी तेच घेईन, आणि पुढच्या चाकासाठी जुनी केबल जोडीला ठेवीन.

सायकलला आरटीओचा नंबर नसतो. ओळख पटवायला असतो तो फ्रेमवर ठोकलेला नंबर, बहुधा पायडलच्या आसाखाली. सायकल उलटी केली की दिसतो. चौकीवर तक्रार लिहिताना तोच विचारला आणि आमच्याकडे नव्हता. नव्या सायकलचा नंबर मुलीनं स्वतः बिलाच्या मागे लिहून ठेवलाय.