मोठा टोमॅटो की चेरी? कडक उन्हाळ्यात काय लावावं

टोमॅटोचं झाड हिरवंगार, फुलंही भरपूर, पण फळ धरत नाही. अशा वेळी हात आधी खताच्या पिशवीकडे जातो आणि तिथेच चुकतं. नत्र वाढलं की नुसता पाला माजतो. खरं दुखणं उष्णतेचं असतं. दिवसा पारा ३५ अंशांवर आणि रात्रीही २४च्या खाली उतरत नसेल, तर परागकण निकामी होतात. फुलाच्या देठावर एक फुगीर पेर असतं, ते नीट बघा. परागीभवन फसलं की देठ तिथे पिवळा पडतो आणि बोट लागताच फूल गळतं.

हा मार मोठा टोमॅटो आणि चेरी टोमॅटो (छोट्या फळांचा) दोघांनाही बसतो, पण सारखा नाही. चेरीच्या एका घोसात फुलं कितीतरी जास्त, त्यामुळे निम्मी गळाली तरी हाताला काही लागतं. मोठ्या वाणाच्या घोसात चार-पाचच फुलं. ती गेली की घोस रिकामा. शिवाय मोठं फळ तयार व्हायला वेळ जास्त लागतो, म्हणजे तितके दिवस ते उन्हात. पानांचा आडोसा नसला तर उन्हाच्या बाजूला पांढरट, कागदासारखा डाग पडतो. बुडाशी काळं पडून सडण्याचा त्रासही मोठ्या आणि लांबट फळांनाच अधिक. माती एकदा कोरडीठाक, एकदा चिखल असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. चेरीत हे क्वचितच दिसतं.

मग चेरीत खोट नाहीच का? आहे. बहुतेक चेरी वाण वेलीसारखे वाढत सुटतात. माणसाच्या उंचीचा आधार द्यावा लागतो, पाणीही जास्त पितात. लहान कुंडीत हाल होतात. साल पातळ, त्यामुळे कोरड्या मातीवर एकदम भरपूर पाणी ओतलं की फळं तडकतात. तोडणीही किचकट. कुंडी लहानच असेल तर मोठ्या फळाचा ठेंगणा वाण सोयीचा, पण फळधारणा कडक उन्हाआधी उरकेल अशा बेताने लावला तरच.

आच्छादन दोघांनाही हवंच: पालापाचोळ्याचा पाच-सात सेंटिमीटर थर. मोठ्या वाणाला मात्र वरून ३० ते ४० टक्के ऊन अडवणारी शेडनेटही लागते. त्याहून दाट नेट नको, फुलं कमी होतात.

पारा ३० अंशांपुढे राहिला की फळातला लाल रंग नीट तयार होत नाही, फळ नारिंगीच राहतं. म्हणून मोठं फळ रंग बदलू लागताच तोडून घरात सावलीत पिकवावं. फ्रिजमध्ये नको.

मला विचाराल तर उन्हाळा लांबणारा असेल तिथे चेरीच. मोठ्या टोमॅटोचं झाड आधीच लावलेलं असेल आणि कडाका पंधरा-वीस दिवसांत ओसरणार असेल, तर ते उपटू नका, पाणी सांभाळा. रात्री थंडावल्या की नव्या फुलांना फळ धरतं.