चोशी इलेक्ट्रिक रेल्वे: काही महिने रोजच्या वापरानंतर

नोकरीमुळे जपानमधल्या चोशी शहरातल्या इनुबोला राहायला आले, तेव्हापासून येणंजाणं याच गाडीने. तोक्योहून एका दिवसासाठी येऊन दीपस्तंभाचे फोटो काढून परतणाऱ्यांनी हिच्याबद्दल भरपूर लिहिलंय. हा अनुभव रोजच्या प्रवाशाचा.

आधी गैरसोयी. गाडी साधारण तासाला एक. एक चुकली की बसा वाट बघत, आणि बहुतेक स्थानकांवर माणूसच नसतो, हिवाळ्यात समुद्राचा वारा नुसता झोंबतो. सुइका कार्ड (तोक्योकडचं रेल्वेचं प्रीपेड कार्ड) चालत नाही, त्यामुळे सुटे पैसे जवळ लागतात. चोशी ते शेवटचं स्थानक तोकावा अवघे 6.4 किलोमीटर, दहा स्थानकं, वीसेक मिनिटं, आणि भाडं 350 येन. महागच म्हणायचं.

पण गाडीत कंडक्टर असतो. न तिकीट घेता चढलात तर तो जागेवर येऊन तिकीट फाडून देतो. कासागामी-कुरोहाए स्थानकावर तर मी मुद्दाम दाराजवळ उभी राहते. एकेरी मार्ग असल्याने पुढच्या टप्प्याचं टोकन, म्हणजे पुढे जायची परवानगी, हातात पडल्याशिवाय गाडी हलत नाही. स्थानकातला कर्मचारी ते ड्रायव्हरला देतो, आधीचं परत घेतो. आपल्याकडच्या जुन्या ब्रँच लाइनवर हेच चालायचं.

डबे जुने, पण स्वच्छ. 2000 मालिकेच्या गाड्या 1960च्या दशकात तोक्योच्या केइओ रेल्वेसाठी बनल्या, मग शिकोकू बेटावर इयो रेल्वेकडे गेल्या आणि 2010मध्ये इथे आल्या. खडखडाट आहे, धक्केही बसतात. मोतोचोशीजवळ दोन्ही बाजूंची झाडी खिडकीला घासेल इतकी जवळ येते आणि आशिकाजिमाच्या पुढे कोबीची शेतं लागतात.

ही लाइन अजून चालू कशी, हाच खरा प्रश्न. 1913मध्ये इथे पहिली रेल्वे आली, पण पहिल्या महायुद्धात लोखंडाचे भाव चढले आणि 1917मध्ये ती बंद करून रूळसुद्धा विकले. 1923मध्ये पुन्हा सुरुवात, 1925मध्ये वीज. 2006मध्ये तर माजी अध्यक्षांच्या अपहाराच्या प्रकरणामुळे कंपनी पुरती गाळात गेली. गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीलाही पैसे नव्हते. तेव्हा कंपनीने वेबसाइटवर सरळ लिहिलं की दुरुस्तीचे पैसे उभे करायचेत, आमच्या नुरे-सेन्बेई (तांदळाच्या ओलसर चकत्या) घ्या. ऑर्डरींचा पाऊस पडला.

ही सेन्बेई कंपनी 1995पासून विकते. भाजलेली तांदळाची चकती गरम असतानाच सोया सॉसमध्ये बुडवतात. चोशी सोया सॉसचंच गाव. नाकानोचोचा गाड्यांचा डेपो यामासा या सोया सॉस कंपनीच्या कारखान्याला लागून आहे. पहिला घास घेतल्यावर मला पाकीट सादळलंय असंच वाटलं. आता चहासोबत चालते, पण खारट आहे, सांगून ठेवते. आज कंपनीचं बहुतेक उत्पन्न या खाऊवर; तिकिटांवर गाडी चालणं शक्यच नाही. स्थानकांची टोपणनावंदेखील कंपन्यांना विकलीत. आणि 2014च्या जानेवारीत गाडी रुळावरून घसरली, तेव्हा दुरुस्तीसाठी चोशी वाणिज्य हायस्कूलच्या मुलांनी इंटरनेटवर वर्गणी गोळा केली. म्हणून भाड्याबद्दल मी कुरकुरते, पण फार नाही.

वेळेची घाई असेल तर सायकल घ्या, अंतर तेवढंच आहे. फिरायला येणार असाल तर दिवसाचा पास 700 येनला मिळतो. जाऊन-येऊन भाडं तेवढंच होतं, म्हणजे मध्ये एकदा उतरलात तरी फायदा. इनुबोला उतरून दीपस्तंभ बघा आणि तोकावाचं 1923चं लाकडी स्थानक अजिबात चुकवू नका.