मुलांच्या संधिवाताची ओपीडी: डॉक्टर एक नंबर, वेटिंग बेकार

लेकीच्या गुडघ्यासाठी गेलो होतो, सकाळी उठली की लंगडायची आणि दुपारपर्यंत एकदम नॉर्मल, त्यामुळे घरातले सगळे म्हणायचे शाळेचा कंटाळा, दुसरं काय. इथल्या मॅडमनी आधी तिच्याशीच गप्पा मारल्या, मग बोटं, जबडा, टाचा सगळं तपासलं. आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला म्हणजे संधिवात नाही असं नसतं, लहान मुलांत तो बहुतेक वेळा निगेटिव्हच येतो म्हणे. १६ वर्षांच्या आत सुरू झाला, ६ आठवडे तरी टिकला आणि दुसरं कारण सापडलं नाही तर त्याला जेआयए (जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, म्हणजे मुलांचा संधिवात) म्हणतात.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, कारण यात डोळ्याला आतून सूज येऊ शकते आणि बरेचदा डोळा ना लाल होतो ना दुखतो, स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायचं मशीन) बघितल्याशिवाय कळतच नाही. मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध आठवड्यातून एकदाच, रोज नाही, हे सिस्टरनी चिठ्ठीवर वार लिहून समजावलं. खेळणं बंद करू नका असंही सांगितलं (आजी अजून ऐकत नाहीये, ते सोडा).

वेटिंग मात्र डोक्याला ताप, अपॉइंटमेंट घेऊनही अर्धा दिवस जातो. पार्किंग विसराच, रिक्षाने जा.