बर्डीतलं प्रिंटिंगचं दुकान आणि लक्खीशाचं घर

शिखांचे नववे गुरू तेगबहादूर यांच्या हौतात्म्याच्या ३५०व्या वर्षानिमित्त शाळेत फलक लावायचे होते. नागपूरच्या बर्डीतल्या एका छोट्या डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानातून आठ करून घेतले. सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड), दोन बाय तीन फूट, चौरस फुटाला ७० रुपये, एकूण ३,३६०. मी चकचकीत लॅमिनेशन सांगितलं होतं. काउंटरवरच्या दादांनी नमुना ट्यूबलाइटखाली धरला, तर अक्षरं दिसेचनात. मग मॅट घेतलं.

पण हे लिहितेय ते कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलासाठी. तो मजकूर वाचतो. "मॅडम, इथं ११ नोव्हेंबर आहे आन् तिथं २४. कोणती ठेवू?" मी दोन ठिकाणांहून उतरवलं होतं. ११ नोव्हेंबर १६७५ ही जुन्या ज्युलियन पद्धतीची तारीख, आणि नानकशाही दिनदर्शिकेनुसार शहीदी दिवस २४ला पाळतात. त्याच्यामुळे मुलांसमोर गोंधळ टळला.

काश्मिरी पंडित सक्तीच्या धर्मांतराचं गाऱ्हाणं घेऊन गुरूंकडे आनंदपूरला आले, त्या फलकावर तो बराच वेळ थांबला. गुरू नानकांनी स्वतः जानवं नाकारलं होतं, आणि त्यांच्या गादीवरचे नववे गुरू दुसऱ्यांचं जानवं राहावं म्हणून दिल्लीत शीर देतात. त्यांचे साथी भाई मतीदास, सतीदास आणि दयाला यांना गुरूंच्या डोळ्यांदेखत हाल करून मारलं. त्या फलकावर त्याने नेटवरचं रक्ताचं चित्र टाकलं होतं. पाचवीची मुलं बघणार आहेत, म्हटल्यावर काढलं. आता काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत फक्त तीन नावं आहेत.

लक्खीशा वंजाऱ्याचा फलक माझ्यासाठी सगळ्यांत जवळचा. मी दिग्रसकडच्या तांड्यावरची. आजीच्या तोंडून हे नाव ऐकत मोठी झाले. गुरूंचे शिष्य भाई जैता त्यांचं शीर घेऊन आनंदपूरला निघाले. चांदणी चौकातलं धड दिल्लीतल्या या वंजारा व्यापाऱ्याने, लक्खीशाने, गाड्यांतून लपवून जवळच्या रायसीना गावात आपल्या घरी आणलं. उघड्यावर चिता पेटवली असती तर पकडलाच गेला असता. म्हणून देह घरात ठेवला आणि सामानासकट घरच पेटवलं. आज तिथे रकाबगंज गुरुद्वारा आहे. मुलाने विचारलं, "स्वतःचंच घर?" मग न सांगता त्याने आगीचं तयार चित्र काढून बैलगाड्यांची रांग लावली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तक्रारी दोन. संध्याकाळी देतो म्हणाले, मिळाले दुसऱ्या दिवशी अकराला. आणि गुरुमुखी ओळीतल्या वेलांट्या पहिल्या प्रिंटमध्ये सुटल्या होत्या. तो फलक त्यांनी पैसे न घेता पुन्हा छापला. मराठीखेरीज दुसरी लिपी असेल तर अक्षरं कर्व्ह करूनच (म्हणजे फाँटऐवजी आकारांत बदलून) फाइल न्या, आणि प्रूफ कागदावर काढून मागा.