बॅटरीची वायर काढून लावली आणि 'ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) उडाला' म्हणून १४ हजार घेतले

गाडीची बॅटरी काढून लावल्यावर मीटरवर लाईट पेटले तर गॅरेजला पळायच्या आधी प्लीज हे वाचा, माझे १४ हजार गेलेत, तुमचे तरी वाचू देत.

मे महिन्यात तीन आठवडे गावाला गेलो होतो, गाडी पुण्यात पार्किंगला उभी राहणार म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली. परत आल्यावर लावली, गाडी चालू झाली, पण चेक इंजिन, एबीएस आणि स्टिअरिंग असे तीन लाईट पेटले आणि स्टिअरिंग एकदम जड. बायको म्हणाली कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन कर, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं, मग जवळच्याच गॅरेजला गेलो.

त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. पाच कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे नंबर. म्हणाला, "साहेब, वायर लावताना स्पार्क झाला असणार, ईसीएम उडालाय, नवीन घेतला तर ४० च्या पुढे जाईल, मी रिपेअर करून देतो १४ मध्ये." चूक माझ्याच हातून झाली असं वाटल्यामुळे मी काही विचारलंच नाही, आणि त्याने नेमकं तेच हेरलं. नशिबाने त्या स्क्रीनचा एक फोटो मोबाईलवर काढला होता. संध्याकाळी गाडी मिळाली, लाईट गेलेले, मी यूपीआयने पैसे दिले, बिल मागितलं तर म्हणाला उद्या देतो.

दहा दिवसांनी एका स्पीडब्रेकरवर गाडी आदळली आणि तेच तीन लाईट परत. यावेळी भाचा घरी होता, त्याच्याकडे मोबाईलला जोडायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर आहे, असले ऑनलाईन हजारच्या आत मिळतात. त्याने आधी बॉनेट उघडलं आणि निगेटिव्ह टर्मिनल नुसतं बोटांनी फिरवलं. ते फिरलं! म्हणजे मी लावलं तेव्हापासून ते ढिलंच होतं. मग म्हणाला, "मामा, हा बघ तुझा ईसीएम." त्याच्या बोल्टवर आणि कनेक्टरच्या लॉकवर धुळीचा जाड थर जसाच्या तसा, एका बोटाचाही ठसा नाही. कोणी खोललाच नव्हता तो.

जुना फोटो मोठा करून बघितला तर त्यात पी ०५६२ होता, म्हणजे व्होल्टेज कमी, आणि यू ०१२१, म्हणजे एबीएसच्या मॉड्यूलशी (त्याच्या कंट्रोल युनिटशी) संपर्क तुटला. बाकीचेही सगळे यू वालेच, म्हणजे संपर्क तुटल्याचे. आणि प्रत्येक कोडपुढे 'हिस्टरी' (आधी येऊन गेलेला) लिहिलेलं, 'करंट' (आत्ता चालू असलेला) एकही नाही! भाच्याने समजावलं की टर्मिनल ढिलं असलं की स्टार्टर मारताना व्होल्टेज पडतं, एकेक मॉड्यूल क्षणभर बंद पडतं आणि बाकीचे त्याच्या नावाने कोड टाकतात, म्हणून कारण एक आणि कोड पाच. गॅरेजवाल्याने फक्त कोड उडवले होते, दोन मिनिटांचं काम.

आम्ही १० नंबरच्या पान्याने टर्मिनल घट्ट केलं, बॅटरीला व्होल्टेज मोजायचा मीटर लावून बघितलं तर इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट आणि चालू असताना १४.१, म्हणजे बॅटरी आणि तिला चार्ज करणारा अल्टरनेटर दोन्ही व्यवस्थित. कोड क्लिअर केले, इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवलं, कारण बॅटरी काढल्यावर काही गाड्यांमध्ये स्टिअरिंगच्या सेन्सरला आपली मधली जागा पुन्हा शिकावी लागते. मग थोडं चालवून आणलं. अख्खा पावसाळा खड्ड्यांतून गेला, एकही लाईट आला नाही.

मला संताप याचा येतो की त्याला ढिलं टर्मिनल दिसलं नसेल असं होऊच शकत नाही, आणि ते तसंच ठेवून त्याने मला माझ्या आईला घेऊन रस्त्यावर पाठवलं, जड स्टिअरिंगची गाडी घाटात असती तर? कोणी ईसीएम रिपेअर केला म्हणालं तर तो उघडताना समोर उभे राहा, आणि स्कॅनरवर करंट आहे की हिस्टरी ते स्वतः वाचा. जाब विचारायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "बिल आहे का?" मी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर, तक्रार नोंदवली आहे, स्कॅनरचा फोटो, यूपीआयची नोंद आणि बोल्टवरच्या धुळीचा फोटो जोडून.