जैसलमेरच्या ट्रेकची जाहिरात आली असेल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा

जैसलमेरजवळच्या वाळूत दिवसा चालायचं, रात्री तंबूत राहायचं, सोबत वाटाड्या आणि पाण्याचे कॅन वाहणारे उंट. ही जाहिरात जळगाव-भुसावळकडच्या ट्रेकिंग ग्रुपांवर पुन्हा फिरू लागली आहे. नंबर नवा आहे, फोटो तेच. आमच्या ग्रुपला याच माणसाने लुबाडलं.

आम्ही पालच्या जंगलात, पाटणादेवीला, तोरणमाळला फिरणारी मंडळी. हिवाळ्यात थरचं वाळवंट बघायचं ठरलं. फोनवरचा माणूस अहिराणीत बोलायचा. मूळ नंदुरबारकडचा, आता जोधपूरला असतो म्हणायचा. काही विचारलं की, "मी शे ना भाऊ!" माहितीही चोख होती. सम गावाजवळ जीप आणि डीजेचा गोंगाट असतो म्हणून खुडी गावाकडे नेतो, डिसेंबरात रात्री कडाक्याची थंडी पडते, जाड कपडे घ्या. यातलं काहीच खोटं नाही, आणि म्हणूनच आमच्यातल्या जाणत्यांनाही शंका आली नाही.

अ‍ॅडव्हान्स थोडाच घेतला. सुरत, अहमदाबाद, जोधपूर अशी रेल्वेची तिकिटं निघाल्यावर मात्र 'परमिट' पुढे आलं. सीमेलगतच्या काही भागांत प्रशासनाची परवानगी लागते हे खरंच आहे. त्याच्या आडून त्याने माणशी पैसे घेतले आणि शिक्क्याचा कागद पाठवला. त्यावर ना कुणाचं नाव, ना गाडीचा नंबर. मग उंटांचं भाडं, मग 'परत मिळणारी' अनामत. रक्कम दरवेळी लहान, आणि धमकी तीच: आज भरलं नाही तर आधीचे बुडाले.

जैसलमेर स्टेशनवर जीप आलीच नाही. कसाबसा फोन लागला, तर म्हणे रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका. आमच्यातल्या बँकेत काम करणाऱ्या ताईंनी तिथेच थांबवलं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. त्यानंतर फोन बंद.

मला पैशांपेक्षा संताप आहे तो पाण्याचा. "पाणी आणू नका, उंटावर असेल," असं त्याने बजावून सांगितलं होतं. वाळूत दिवसभर चालणाऱ्याला चार-पाच लिटर पाणी सहज लागतं. आमच्यात लहान मुलं होती, निवृत्त गुरुजी होते. असल्या माणसाच्या भरवशावर कुणी थेट वाळूत उतरलं तर काय होईल?

फोटोंचं कोडं गुरुजींनी सोडवलं. पांढऱ्या सपाट जमिनीवर काळी वाळकी झाडं आणि मागे उंच केशरी टेकड्या, हे दृश्य आफ्रिकेतल्या नामिबियाचं, डेडव्लेईचं. जैसलमेरकडे खेजडी, रोहिडा, फोग अशी झाडंझुडपं दिसतात. जाहिरातीतला फोटो गुगल लेन्सवर टाकून बघा, मिनिटभराचं काम आहे. कॅम्पवाल्याला व्हिडिओ कॉलवर जागा दाखवायला सांगा. परवानगीचं विचारायचं तर जैसलमेरच्या जिल्हाधिकारी किंवा वन विभागाच्या कार्यालयालाच विचारा, मधल्या माणसाला नको.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, त्या भामट्याशी वाद घालत बसू नका. जितक्या लवकर कळवाल, तितकी समोरच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आम्ही स्टेशनवरूनच फोन केला, म्हणून शेवटचा हप्ता तरी अडकला. पहिले हप्ते त्याने केव्हाच काढून घेतले होते. व्यवहार क्रमांक, चॅट, तो शिक्क्याचा कागद, सगळं जपून ठेवा. तक्रारीत ते मागतात.